विश्लेषण : अडीच टनांच्या एसयूव्हीसाठी कोणती चाके, कोणते टायर? डोळखांबच्या रस्त्यावर मोठी चाके महाग का पडतात?

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि शहापूर तालुका थेट द्रुतगती मार्गाला जोडला गेला. मुंबई-ठाण्याहून शहापूर आणि मुरबाडमधील शेतघरांकडे, आजोबा डोंगराच्या पायथ्याकडे किंवा माळशेजच्या दिशेने जाणाऱ्यांमध्ये मोठ्या, महागड्या एसयूव्ही आता सर्रास दिसतात. या गाड्यांचे वजन दोन ते अडीच टन असते आणि अनेकींना कारखान्यातूनच २० ते २२ इंची चाके लावलेली असतात. अशी गाडी डोळखांबच्या रस्त्यावर खड्ड्यात आपटली, टायरला फुगा आला किंवा रिम वाकली, की मालकापुढे प्रश्न उभा राहतो : आता नवे काय घ्यायचे? याचे उत्तर दिसण्यावर सोडले तर खिशाला फटका बसतो आणि जिवालाही धोका होतो.

डोळखांबच्या रस्त्यावर नेमकी अडचण कोणती?

एकाच प्रवासात गाडीला दोन टोकाचे रस्ते भेटतात. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. तिथे सिमेंटच्या सपाट रस्त्यावर टायर दीर्घकाळ वेगाने फिरतो आणि तापतो. महामार्ग सोडून डोळखांबच्या दिशेने वळले की रस्ता अरुंद होतो. समोरून एसटी किंवा डंपर आला की एका बाजूची चाके डांबराखाली उतरवावी लागतात. डांबराची तुटलेली कड, साइडपट्टीवरची खडी, पावसाळ्यात पाण्याने भरलेले आणि म्हणून खोली न कळणारे खड्डे हा इथला नेहमीचा अनुभव.

खड्ड्याच्या कडेवर चाक आपटते तेव्हा टायरची बाजूची भिंत, म्हणजे साइडवॉल, रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिमटली जाते. भिंत उंच असेल तर ती दबून धक्का पचवते. भिंत बुटकी असेल तर आतले धागे तुटतात आणि तिथे फुगा येतो, किंवा थेट रिमच वाकते. गाडी जितकी जड, तितका हा चिमटा जोरात बसतो. फुगा आलेला टायर डोळखांबहून शहापूरपर्यंत कदाचित साथ देईल. पण तोच टायर परतीच्या वाटेवर समृद्धीवर १२० च्या वेगाने फिरला, तर तापून फुटण्याची भीती असते. साइडवॉलचा फुगा किंवा कट दुरुस्त होत नाही. तो टायर बदलावाच लागतो.

टायरवरचे आकडे कसे वाचायचे?

टायरच्या भिंतीवर सर्व माहिती कोरलेली असते. उदाहरणार्थ, टोयोटा फॉर्च्युनरच्या १८ इंची चाकांवर ‘२६५/६० आर १८ ११० एच’ असा टायर येतो. यातील २६५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ६० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १५९ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल रचना आणि १८ हा रिमचा इंचांतील व्यास. त्यानंतरचा ११० हा भार निर्देशांक, म्हणजे लोड इंडेक्स. हा टायर जास्तीत जास्त १,०६० किलो भार पेलू शकतो, असा त्याचा अर्थ. शेवटचे ‘एच’ हे अक्षर वेगाची क्षमता सांगते : एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. टी म्हणजे १९०, व्ही म्हणजे २४० आणि डब्ल्यू म्हणजे २७०.

याच भिंतीवर एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन टायर तयार झाल्याचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ‘२३२५’ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात टायर कोरा दिसत असला तरी तो किती वर्षे गोदामात पडून होता, हे या आकड्यांवरूनच कळते. भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारींच्या टायरवर आयएसआय चिन्हही पाहावे.

भार निर्देशांक सर्वात महत्त्वाचा का?

गाडीचे वजन रबर पेलत नाही, आत दाबून भरलेली हवा पेलते. टायरमध्ये हवा मावायला जागा किती आणि ती कोणत्या दाबाने भरता येते, यावर त्याची भारक्षमता ठरते. रिम मोठी करत गेलो आणि टायरचा बाहेरचा व्यास तोच ठेवला, तर हवेची जागा कमी होत जाते. त्याचा परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो.

फॉर्च्युनरच्या मापाचे तीन टायर पाहू. ‘२६५/६५ आर १७’, ‘२६५/६० आर १८’ आणि ‘२६५/५० आर २०’. तिन्हींचा बाहेरचा व्यास ७७३ ते ७७६ मिलिमीटर, म्हणजे जवळपास सारखाच. पण साध्या बांधणीत पहिल्याचा भार निर्देशांक सहसा ११२ म्हणजे १,१२० किलो, दुसऱ्याचा ११० म्हणजे १,०६० किलो आणि तिसऱ्याचा १०७ म्हणजे ९७५ किलो असतो. १८ वरून २० इंचांवर जाताना प्रत्येक टायरमागे ८५ किलो आणि चार टायर मिळून ३४० किलो क्षमता कमी झाली. सात माणसे, टपावरचे सामान आणि भरलेली डिझेल टाकी असलेल्या गाडीत हा फरक किरकोळ नाही.

यावर उपाय म्हणून ‘एक्स्ट्रा लोड’, म्हणजे ‘एक्सएल’ अशी खूण असलेले टायर मिळतात. २६५/५० आर २० मध्ये एक्सएल टायरचा निर्देशांक १११ पर्यंत जातो. पण ही वाढीव क्षमता जास्त दाबावर मिळते. साध्या टायरची कमाल क्षमता सुमारे ३६ पीएसआयला मोजतात, तर एक्सएलची सुमारे ४२ पीएसआयला. एक्सएल टायर घेऊन त्यात जुन्याच दाबाने हवा भरली, तर वाढीव क्षमता कागदावरच राहते. बॅटरीमुळे आणखी जड झालेल्या विजेवरील मोठ्या गाड्यांसाठी अलीकडे ‘एचएल’, म्हणजे हाय लोड टायरही आले आहेत. गाडीला कारखान्यातून एक्सएल किंवा एचएल टायर आले असतील, तर त्याखालचा टायर लावू नये. भार निर्देशांक मूळ टायरइतका किंवा त्याहून अधिक हवा; कमी कधीही नको.

मोठे चाक घ्यावे की लहान?

शोरूममध्ये मोठे चाक रुबाबदार दिसते. मोठी रिम आणि बुटकी भिंत असलेली गाडी वळणावर कमी डोलते, हेही खरे. पण डोळखांब, किन्हवली, मुरबाडच्या बाजूला नियमित जाणाऱ्यांसाठी गणित उलटे आहे. लँड रोव्हर डिफेंडर ११० या गाडीचे उदाहरण बोलके आहे. कंपनीने जगभरात या गाडीसाठी १८ ते २२ इंचांपर्यंतची चाके दिली. १८ इंची चाकावर २५५/७० मापाचा टायर बसतो आणि त्याची भिंत सुमारे १७८ मिलिमीटर उंच असते. १९ इंचावर २५५/६५ ची भिंत १६६ मिलिमीटर, तर २० इंचावर २५५/६० ची भिंत १५३ मिलिमीटर. २२ इंची चाकावरील २७५/४५ टायरची भिंत मात्र १२४ मिलिमीटरच उरते. पहिल्या तिन्ही टायरचा बाहेरचा व्यास ८१४ मिलिमीटर आहे. म्हणजे चाक लहान केले तरी गाडीची उंची किंवा वेगदर्शकाचा काटा बदलत नाही. बदलते ती खड्डा पचवण्याची ताकद.

म्हणून टायर बदलायची वेळ आली, की त्याच मॉडेलसाठी कंपनीने मान्य केलेल्या लहान चाकाचा विचार जरूर करावा. एक अडचण लक्षात ठेवावी. जास्त शक्तीच्या इंजिनांच्या गाड्यांना मोठे ब्रेक असतात आणि त्यांच्या कॅलिपरवर सर्वात लहान रिम बसत नाही. एकाच मॉडेलच्या एका प्रकाराला १८ इंची चाक चालते आणि दुसऱ्याला चालत नाही, असे त्यामुळे होते. आपल्या गाडीला कोणते माप चालते, हे मालकाच्या माहितीपुस्तिकेत आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर लिहिलेले असते. जुन्या बाजारातून घेतलेल्या गाडीत हे स्टिकर विशेष महत्त्वाचे, कारण आधीच्या मालकाने चाके बदललेली असू शकतात.

बाहेरचा व्यास मनाने वाढवणेही टाळावे. २६५/६० आर १८ च्या जागी २८५/६० आर १८ लावला तर व्यास ७७५ वरून ७९९ मिलिमीटर होतो. गाडी केवळ १२ मिलिमीटर उंच होते, पण काटा १०० दाखवत असताना पूर्वीपेक्षा सुमारे तीन टक्के अधिक वेग असतो. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या लायनरला घासण्याची शक्यता वाढते.

नटांची भोके जुळली म्हणजे रिम बसली का?

नाही. रिम निवडताना निदान पाच गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली पीसीडी, म्हणजे नटांची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. दुसरी सेंटर बोअर, म्हणजे मधल्या भोकाचे माप. तिसरी ऑफसेट, म्हणजे रिमचा बसण्याचा पृष्ठभाग तिच्या मध्यरेषेपासून किती बाजूला आहे ते अंतर. चौथी रिमची रुंदी. पाचवी रिमची भारक्षमता.

टोयोटाच्याच दोन गाड्या घेऊ. फॉर्च्युनर आणि लँड क्रूझर ३०० या दोन्हींची पीसीडी सारखी आहे : सहा नट, १३९.७ मिलिमीटर. त्यामुळे एकीची रिम दुसरीवर बसेल, असे दुकानात सहज वाटते. पण फॉर्च्युनरच्या रिमचे मधले भोक १०६.१ मिलिमीटरचे, तर लँड क्रूझर ३०० चे ९५.१ मिलिमीटरचे. फॉर्च्युनरची रिम लँड क्रूझरवर चढवली तर ती मधल्या हबवर टेकत नाही, नटांच्या आधारावरच राहते. मग वेग वाढला की स्टिअरिंग थरथरते. शिवाय लँड क्रूझर ३०० चा ऑफसेट ६० मिलिमीटर आहे, फॉर्च्युनरचा त्याच्या जवळपास निम्मा. त्यामुळे चाक बाहेर सरकते आणि बेअरिंग व सस्पेन्शनवर ताण येतो. हा ताण जड गाडीत लवकर दिसतो.

बाजारात मिळणाऱ्या अनेक देखण्या मॅग व्हीलवर कमाल भार किलोमध्ये कोरलेला असतो. गाडीच्या मागच्या ॲक्सलवर मान्य असलेल्या कमाल वजनाच्या निम्म्याहून तो अधिक असायला हवा. हा आकडा नसलेली रिम अडीच टनांच्या गाडीसाठी घेऊ नये. साच्यात ओतलेल्या, म्हणजे कास्ट रिमपेक्षा फोर्ज केलेली रिम हलकी आणि मजबूत असते, पण महाग पडते. तडा गेलेली रिम वेल्डिंग करून वापरणे जड गाडीत धोक्याचे आहे. चाक बाहेर काढण्यासाठी स्पेसर लावणेही टाळावे. नवी रिम बसवल्यावर नट पान्याने अंदाजे न आवळता टॉर्क रेंचने आवळून घ्यावेत आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

एचटी, एटी की एमटी?

एचटी म्हणजे महामार्गासाठीचा टायर. तो शांत असतो आणि ओल्या डांबरावर चांगला थांबतो. एमटी म्हणजे चिखलाचा टायर. त्याचे ठोकळे मोठे, आवाज जास्त आणि ओल्या सिमेंटवर पकड कमी. एटी हा दोन्हींमधला. वर्षातून दोन-चार वेळा डोळखांबला जाणाऱ्या, बाकी शहरात आणि महामार्गावर फिरणाऱ्या गाडीला उंच भिंतीचा चांगला एचटी टायर पुरतो. दर आठवड्याला शेतावर जाणारी, पावसाळ्यात भाताच्या खाचरांच्या कडेने लाल मातीत उतरणारी गाडी असेल तर एटी योग्य. एमटीची गरज इथल्या फारच थोड्या मालकांना असते. एटी निवडतानाही भार निर्देशांक आणि वेगाचे अक्षर पाहावे, कारण काही एटी टायरचे वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा खालचे असते.

ओल्या रस्त्यावरची पकड, रोलिंग रेझिस्टन्स आणि टायरचा आवाज यांसाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ मध्ये मानके अधिसूचित केली. कोकणपट्टीतल्या पावसात यापैकी ओल्या रस्त्यावरची पकड सर्वात आधी विचारात घ्यावी.

चारही टायर एकदम बदलावेत का?

शक्यतो होय. चारही चाकांना सतत शक्ती देणाऱ्या गाड्यांत एक टायर कोरा आणि तीन झिजलेले असतील, तर त्यांच्या व्यासात फरक पडतो. त्यामुळे मधला डिफरन्शियल किंवा ट्रान्स्फर केस सतत काम करत राहतो आणि तापतो. चार टायर परवडत नसतील तर निदान एका ॲक्सलवरचे दोन्ही एकदम बदलावेत आणि कमी झिजलेली जोडी मागे लावावी. ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली तर गाडी सावरणे कठीण जाते. बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी ‘एमओ’, ऑडीसाठी ‘एओ’, लँड रोव्हरसाठी ‘एलआर’ अशा खुणा टायरवर असतात. त्या गाडीसाठी तो टायर खास तपासलेला आहे, असा त्याचा अर्थ. चारही चाकांवर एकाच खुणेचा, एकाच नक्षीचा टायर असावा.

हवा किती आणि कधी तपासायची?

दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर दोन आकडे असतात : कमी माणसांसाठी एक आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरा. कुटुंबासह शेतघराकडे जाताना दुसरा आकडा लागू होतो. हवा टायर थंड असताना, म्हणजे गाडी काही तास उभी असताना तपासावी. तापमान साधारण साडेपाच अंश सेल्सियसने वाढले की दाब सुमारे एक पीएसआयने वाढतो. म्हणून समृद्धीवरून उतरल्यावर टायर तापलेला असताना हवा ‘जास्त झाली’ म्हणून सोडणे चुकीचे. टायर थंड झाल्यावर ती कमी पडते. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त दुमडतो आणि त्यामुळेच तापून फुटतो. चिखलातून गाडी काढण्यासाठी हवा कमी केली असेल, तर डांबरावर येताच ती पुन्हा भरावी.

स्टेपनीचे काय?

२०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. ट्यूबलेस टायर, टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे किट असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या मोटारींना स्टेपनीची सक्ती राहिली नाही. शहरात हे चालून जाते. पण दुरुस्तीचे किट नक्षीच्या भागातले खिळ्याचे भोक बुजवते, साइडवॉलचा कट नाही. डोळखांब, डेहणेच्या बाजूला २१-२२ इंची टायर पंक्चरवाल्याकडे मिळण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. त्यासाठी कल्याण किंवा ठाणे गाठावे लागते. म्हणून इकडे येणाऱ्या गाडीत पूर्ण मापाची स्टेपनी असावी आणि चार चाके बदलताना पाचवेही त्याच मापाचे करावे. लहान मापाची तात्पुरती स्टेपनी असेल, तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा, बहुतेक वेळा ताशी ८० किलोमीटर, पाळावी.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. खोबणीतल्या छोट्या उंचवट्यापर्यंत नक्षी झिजली की टायर गोटा झाला असे समजावे. पावसाळ्यात मात्र खोली तीन मिलिमीटरच्या आसपास आली की टायर बदलणे शहाणपणाचे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. बेकायदा बदलासाठी कलम १८२ अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. निर्मात्याने त्या मॉडेलला मान्य केलेल्या मापात राहिले तर ही अडचण येत नाही. चाके बदलल्यावर विमा कंपनीला लेखी कळवावे, म्हणजे दाव्याच्या वेळी वाद होत नाही.

दुकानात जाताना काय बरोबर न्यावे?

दाराच्या चौकटीवरील स्टिकर, जुन्या टायरची भिंत आणि नोंदणी प्रमाणपत्र यांचे मोबाइलवर फोटो काढून न्यावेत. दुकानदाराकडून पावतीवर टायरचे पूर्ण माप, भार निर्देशांक आणि निर्मितीचा आठवडा लिहून घ्यावा. टायर बसवल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्यावे आणि हवेचा दाब दाखवणारे जुने सेन्सर नव्या रिममध्ये बसवले का, हे तपासावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या नव्या टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. तो पावतीत दिसायला हवा. टायर पाच वर्षांचा झाला की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर, नक्षी शिल्लक असली तरी, बदलावा. स्टेपनीलाही हाच नियम लागू होतो.